बुलेटची मालकीण

आमच्या चंद्रामामीच्या नावावर एक ट्रॅक्टर आहे, विहिरीवरची मोटर आहे, गॅस आहे आणि एक बुलेट आहे. त्यातला गॅस तेवढा ती स्वतः वापरते. बाकी सगळ्यावर मानसिंगमामाची सत्ता. ट्रॅक्टरवर तर मामी आजवर फक्त दसऱ्याला हळद-कुंकू लावण्यापुरती चढली असेल.

मी क्रांती, मामाची भाची. इस्लामपुरात माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि मामाचं गाव तिथून जवळच, कारखान्याच्या रस्त्याला. त्यामुळे दोघांची भांडणं मिटवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलंय. आधीच सांगून ठेवते, मी मामीच्या बाजूची आहे. ज्यांना दोन्ही बाजू ऐकायच्या असतील त्यांनी खुशाल मामाकडे जावं, तो चहा पाजून स्वतःची बाजू सांगतो.

सगळं मामीच्या नावावर का, याला माझी आजी कारण. सत्त्याऐंशी साली मामीचं लग्न झालं. मामा फौजेत. नव्या नवरीचा पहिला दसरा उजाडला नव्हता तोच मामाच्या पलटणीला शांतिसेनेतून श्रीलंकेला जायचा हुकूम आला. मग दोन महिने त्याची काही खबर नाही. रेडिओवर रोज बातम्या, गावात रोज नवी आवई. आजीने तोंडाचा पट्टा सोडला, सून पांढऱ्या पायाची निघाली म्हणून. पाणवठ्यावर बायका मामीला बघून कळशी बाजूला घ्यायच्या. आणि मग एके दिवशी मामा धडधाकट परत आला. आजीने त्याच सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्या गावाला सांगितलं, "माझी सून पायगुणाची हाय, तिच्या कुंकवानं पोरगं वाचलं." तेव्हापासून घरात नवी वस्तू आली की ती चंद्राबाईच्या नावावर. आजी गेली, पण रिवाज राहिला.

मामी हे सांगताना हसते. "पाय त्येच हुतं गं क्रांते. निस्तं नाव बदललं."

तिकडे काय केलं असं कुणी विचारलं की मामा सांगायचा, "मी लंगरात हुतो. कांदं चिरलं." गावात त्याची थट्टाही व्हायची, युद्धात कांद्यामुळं रडलेला एकच जवान म्हणून. मामाही हसायचा. पण झोपेत तो ओरडायचा. "गुंडा, वाक! वाक गुंडा!" मामीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दचकून उठून बसली. सकाळी विचारलं, कोण गुंडा? मामा म्हणाला, "आमच्या आजोळी बैल हुता."

"बैलाला वाक कोण म्हणतंय?" मामीने मला विचारलं होतं. हा प्रश्न तिने मामालाही विचारला, पुष्कळदा विचारला. मामा उठून गोठ्यात निघून जायचा. सदतीस-अडतीस वर्षं ती एका माणसाचं नाव ऐकत आली आणि तो कोण हे तिला माहीत नव्हतं. माणूस बायकोपासून दारू लपवतो, उधारी लपवतो. हा गडी आख्खा एक माणूस लपवून बसला होता. मला तर ऐकूनच संताप यायचा. मामी चिडत नव्हती. तिला फक्त कळायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी पाटणचा नाथाजी उगवला. हा मामाचा फौजेतला दोस्त, त्याच पलटणीतला पण दुसऱ्या कंपनीतला. मिशा झुबकेदार आणि आवाज असा की बांधावरून बोलला तर शेजारच्या रानातली माणसं उत्तर देतात. त्याने खबर आणली. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून जाफन्याकडे माणसं नेणारी बोट सुरू झाली होती, आणि आता तिच्यात मोटारसायकलीही घेणार होते. आपापल्या बुलेटा घेऊन जायचं, जाफन्याजवळ आपल्या जवानांचं स्मारक आहे तिथं सलाम ठोकायचा आणि परत यायचं, असा बेत. मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. साठी उलटलेला माणूस, पण दुसऱ्या दिवशी पहाटेच बुलेट पुसत बसला.

गाडी परदेशी न्यायची म्हणजे तिलाही पासपोर्टसारखा एक कागद लागतो, आणि तो मालकाच्या नावाने निघतो. मालक म्हणजे चंद्राबाई मानसिंग पवार. बरोबर येत नसेल तर मालकाने लिहून द्यायचं, की माझी गाडी अमुक माणूस नेतोय, माझी हरकत नाही. झालं, मामा तो कागद घेऊन चुलीपाशी गेला.

मामी भाकरी थापत होती. मामा म्हणाला, "हितं सही कर."

मामीने तव्यावरची भाकरी उलटली, हात धुतले, पदराला पुसले आणि कागद वाचला. सातवी पास आहे ती, पण वाचते सावकाश, एकही अक्षर न सोडता. वाचून झाल्यावर तिने कागद घडी करून मामाच्या खिशात परत घातला.

"माझी हरकत हाय," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"गाडी माझी हाय. गाडी जाईल तितं मी जाणार."

पुढचा आठवडा मामाने जे जे म्हणून सांगून पाहिलं ते ऐकून हसून हसून माझं पोट दुखलं. तुला बोट लागंल. तिकडं खोबरेल तेलात कालवण करत्यात. म्हशी कोण बघणार? मामी म्हणाली, तुमी जाणार हुता तवा म्हशी मीच बघणार हुते, मग आता दोघं गेल्यावर जाऊबाई बघंल. मामाने अबोला धरला. मामीनेही धरला. दोघांच्या मध्ये बसून मी दोन्हीकडचा निरोप पोचवत होते, "मामा, मामी म्हणते मीठ घ्या," असला संसार.

शेवटी मामा माझ्या दुकानात येऊन बसला. मशीनपाशी स्टूल ओढून घेतलं आणि बारीक आवाजात म्हणाला, "क्रांते, तिला सांग गं. ती जागा बायकामाणसानं बघण्यासारखी न्हाई."

"मामा, तिथं आता स्मारक आहे, बाग आहे. तुम्हाला तिच्यासमोर तिथं उभं राहायचं नाहीये, एवढंच आहे ना?"

तो बराच वेळ कापडाच्या चिंध्या गोळा करत बसला आणि मग उठून गेला. मला थोडं वाईट वाटलं. थोडंच वाटलं.

मामीचा पासपोर्ट निघाला. चौकशीला आलेल्या पोलिसाने विचारलं, मावशी, परदेशी कशाला? मामी म्हणाली, "ह्यांना घिऊन जायाचंय. यकलं जाऊ देत न्हाईत त्यांना." पोलिसाला वाटलं मामा आजारी आहे. जाताना तो मामाला "काळजी घ्या काका" म्हणून गेला आणि मामा दिवसभर धुमसत राहिला.

ऊस तुटून कारखान्याला गेला, रान मोकळं झालं, तेव्हा ही वरात निघाली. पुढे नाथाजीची बुलेट, मागे मामीची, म्हणजे चालवणार मामा. मी मामीला आतून चोरखिसे असलेलं एक जाकीट शिवून दिलं होतं. साडीवर जाकीट, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटवर पदर. पदर कशाला, विचारलं तर म्हणाली, गावाच्या शिवेपर्यंत असू दे, थोरली माणसं असत्यात.

त्यांना कुठे लॉज शोधायला लागला नाही. आपल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत. कुठल्याही शहरात सराफ पेठेत जाऊन गलाईवाले विचारा, कुणीतरी विट्याकडचा बाहेर येतो आणि "आवं, कुठल्या गावचं तुमी?" म्हणून आत नेतो. दावणगिरीत एका गलाईवाल्याच्या बायकोने मामीची कंबर शेकली. एका अंगाने बसून बसून ती आखडली होती. त्या बाईने आपला पंजाबी ड्रेस मामीला दिला आणि दुसऱ्या दिवशी मामी जन्मात पहिल्यांदा बुलेटवर दोन्हीकडे पाय टाकून बसली. मला फोटो पाठवला, खाली लिहिलं, कुणाला दावू नगंस. मी संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला दाखवला.

बंदराच्या गावी भाऊसो नावाच्या गलाईवाल्याकडे मुक्काम होता. त्याची पोरं तमिळमध्ये भांडायची आणि मराठीत जेवण मागायची. निघायच्या सकाळी मामाने एक घोळ घातला. आपल्याकडे लांबच्या वाटेला निघताना टाकी गळ्यापर्यंत भरायची, हा धर्मच. त्यात तिकडं पेट्रोल महाग असेल, म्हणून मामाने आणि नाथाजीने बंदराच्या अलीकडच्या पंपावर दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. फाटकावरच्या माणसाने झाकण उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. बोटीत भरल्या टाकीची गाडी घेत नाहीत, तळाला थोडं ठेवून बाकी काढायचं. मग भाऊसोच्या स्कूटरला, त्याच्या शेजाऱ्याच्या स्कूटरला आणि फाटकाबाहेरच्या दोन रिक्षांना पेट्रोल वाटण्यात आलं. रिक्षावाले हात जोडून मामाच्या पाया पडायला लागले. मामी म्हणाली, "बगा, निघायच्या आधीच दानधर्म झाला."

नारळ मात्र तिने फाटकाबाहेरच फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. आपल्याला कुणी हसेल की काय, असं तिला वाटत होतं. पण गोदीतले हमाल जवळ आले, त्यांनी स्वतःच गाडीला हात लावून नमस्कार केला आणि खोबऱ्यासाठी हात पुढे केला. मामी खूश झाली. "आपल्यासारखीच हायत गं माणसं," तिने फोनवर सांगितलं.

बुलेटा बोटीच्या पोटात गेल्या. खलाशांनी त्यांना पट्ट्यांनी जखडलं. मामा त्यांना सारखं सांगत होता, इकडून ओढा, तिकडून आवळा. त्यांना मराठी येत नव्हतं हे त्यांचं नशीब. मग सगळे वर येऊन बसले. बोट सुटली, किनारा बारीक झाला, आणि अर्ध्या तासात बोट लागली. मामाला. नाथाजीलाही. दोन फौजी दोन कोपऱ्यांत पिशव्या धरून बसले. मामीला काही झालं नाही. तिने खिडकीशी बसून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, शेजारच्या तमिळ बाईलाही दिली. तिने मामीला चिंचेचा भात दिला. दोघी एकमेकींच्या भाषेत बोलत होत्या आणि दोघींना सगळं कळत होतं, असं मामी म्हणते.

मधेच तिने मामाची पाठ चोळली. "तवाबी अशीच बोट लागली हुती?"

मामा ओकता ओकता म्हणाला, "तवा भ्या वाटत हुतं. बोट लागायला सवड न्हवती."

लंगरातल्या माणसाला कसलं भ्या, असं मामीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

पलीकडच्या धक्क्यावर गाड्या उतरल्या. तिथल्या अधिकाऱ्याने कागद बघून विचारलं, "ओनर?" मामा पोट आत घेऊन पुढे झाला. अधिकाऱ्याने मान हलवली, कागदावरच्या नावावर बोट ठेवलं आणि मागे बघून म्हणाला, "मॅडम?" मामी पुढे झाली. त्याने सही मागितली, शिक्का मारला, गाडीची किल्ली मामीच्या तळहातावर ठेवली आणि "वेलकम" म्हणाला. मामीने ती किल्ली लगेच मामाला दिली नाही. थोडा वेळ मुठीत धरून उभी राहिली. हे मला नाथाजीने सांगितलं, आणि त्याला ते सांगताना फार मजा वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्मारकावर गेले. मोकळी जागा, फुलझाडं, दगडावर कोरलेली नावं. नाथाजीने सलाम ठोकला आणि तो बाहेर जाऊन बसला, त्याला तेवढी अक्कल आहे. मामा नावं वाचत वाचत एका जागी थांबला. मामी त्याच्या बाजूला गेली. तिला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण ते नाव तिने एकदम ओळखलं.

मामा न विचारता बोलायला लागला. तो लंगरात एक दिवसही नव्हता. पाणी आणायला चौघांना पुढच्या विहिरीवर जायचं होतं. मामाची पाळी होती. गुंडा जतकडचा, बिनलग्नाचा, सारखा हसवणारा. तो म्हणाला, "मान्या, तुझं लगीन नवं हाय. तू बस, मी जातो." मामा मागून बघत होता. त्याला भिंतीमागची हालचाल दिसली, तो ओरडला, वाक म्हणून ओरडला. गुंडाने वळून हात हलवला. त्याला वाटलं मामा काहीतरी चेष्टा करतोय.

मामीने दगडावरच्या त्या नावावर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या पायगुणानं न्हाई वाचला तुमी."

"न्हाई."

"आईनं उगंच भाकरतुकडा ओवाळला." आणि ती रडली. मामाही रडला. परदेशात, भर उन्हात, दोघं म्हातारी माणसं नळ सुटल्यासारखी रडली, हे तिनेच मला सांगितलं आणि सांगताना तिला अजिबात लाज वाटत नव्हती. डोळे पुसून तिने विचारलं, "त्याच्या घरी कोण हाय?"

"भन हाय. मायव्वा. जतच्या पलीकडं."

"तिला ह्ये म्हाईत हाय?"

मामा हेल्मेट उचलून गाडीकडे चालायला लागला.

परतीच्या वाटेवर मामा पुन्हा माणसात आला होता. बोट या खेपेला त्याला लागली नाही, याचा गर्व त्याने बंगलोरपर्यंत पुरवला. हुबळीला तिघे चहाला थांबले. तिथून डावीकडे बेळगावचा, म्हणजे घरचा रस्ता. मामी हेल्मेट हातात घेऊन म्हणाली, "विजापूरकडनं जाऊ. जत लागंल."

मामा म्हणाला, "लांब पडंल. पुना कवातरी जाऊ."

मामी भांडली नाही. तिने गाडीवरची आपली पिशवी सोडून घेतली. "तुमी व्हा म्होरं. मी यष्टीनं जाते जतला." आणि ती खरंच स्टँड कुठे आहे हे चहावाल्याला विचारायला लागली, मराठीत. नाथाजीने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मानसिंगा, गप गाडी वळीव रं गड्या. ह्या बाईनं दर्या वलांडलाय." नाथाजी तिथून पाटणच्या वाटेला लागला आणि मामाने बुलेट विजापूरच्या रस्त्याला घातली.

जत मागे पडलं. पुढे एका फाट्यावर बाभळीखाली चहाची टपरी होती. मामाने गाडी तिथे उभी केली, एंजिन बंद केलं आणि उतरलाच नाही. टपरीवाला बाहेर आला. मामाला बघून त्याचा चेहरा फुलला.

"या साहेब. औंदा लवकर आलासा! आन् आज दोघं?"

मामीने मामाकडे बघितलं. टपरीवाला आपल्याच नादात सांगत होता. साहेब दरवर्षी येतात, चहा पितात, आतल्या गावाकडे बघत घटकाभर बसतात आणि परत जातात. कुणाकडे जायचंय विचारलं तर सांगत नाहीत. घरी मामा वर्षातून एकदा मिलिटरी कँटीनला जातो म्हणून सांगून निघायचा, दिवसभराने साबण-बिस्किटं घेऊन यायचा. मामी त्या पिशवीची वाट बघायची. माझ्यासाठीही एक साबण असायचा.

श्रीलंका दोन दिवसांत झाली होती. या फाट्यापासून गाव हाकेवर होतं आणि तेवढं अंतर मामाला एवढ्या वर्षांत कापता आलं नव्हतं. इतकी वर्षं मी मामाला लपवाछपवीबद्दल नावं ठेवली. हे ऐकल्यावर माझं तोंड बंद झालं.

मामीने टपरीवाल्याला सांगितलं, "परत येताना चहा पितो." आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवला. "चला."

त्याने कुणालाही वाट विचारली नाही, गुंडाने तेव्हा सांगितलेली घरची वाट त्याला पाठ होती. मारुतीच्या देवळामागून डावीकडे, पत्र्याच्या शेडचं घर. अंगणात एक बाई ज्वारी पाखडत होती, कपाळाला भंडारा, केस पांढरे. गाडी बघून तिने सूप खाली ठेवलं. मामा गाडीवरून उतरला, चार पावलं गेला आणि थांबला. मामीनेच सांगितलं, "मायव्वा, ह्ये गुंडाभावजींच्या बरोबर हुते. तिकडं."

मायव्वा उठली. तिने मामाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मामाला वाटत होतं, ती विचारेल, माझा भाऊ गेला आणि तू कसा राहिलास. या एका प्रश्नासाठी तो दरवर्षी फाट्यावरून परत फिरत होता. त्याने हात जोडले, मान खाली घातली आणि वाट बघत उभा राहिला.

मायव्वा जवळ आली. म्हणाली, "अण्णा, त्या दिशी जेवला हुता का त्यो?"

मामाने मान वर केली.

"जेवला हुता," तो म्हणाला. "पुरी हुती त्या दिशी. माझ्या वाटणीचीबी खाल्ली त्यानं."

मायव्वाला हसू फुटलं. "खादाडच हुतं ते," म्हणाली आणि हसता हसता तिथेच ज्वारीच्या राशीशेजारी खाली बसली. तिने पदर तोंडाला लावला. मग मामीचा हात धरून तिलाही खाली बसवलं.

"इतकी वरसं," ती म्हणाली, "मला वाटायचं, माझा भाऊ उपाशी गेला."